गोव्यातली ई-माउंटन बाइक: आधी मीठ-पाणी सांभाळा, मग मोटरचं बघा

गोव्यात ई-माउंटन बाइक बंद पडते, ती मोटर कमी पडली म्हणून क्वचितच. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढतो, बॅटरी गाडीच्या डिकीत उन्हाने शेकून निघते, लाल चिखलाने ब्रेक पॅड एका पावसाळ्यात संपतात, मागच्या चाकाचे स्पोक सैल होऊन तुटायला लागतात. तरीही बाइक घेऊन दोन महिने झाले की पहिला प्रश्न येतो तो मोठ्या मोटरचा. आमचं मत ठाम आहे: पैसे आधी ब्रेकवर घाला, मग टायर, मग गिअर, मग बॅटरीची क्षमता. मोटरला हात लावायची वेळ बहुतेकांवर येतच नाही.

कायद्याची रेघ कुठे आहे

पेडल मारल्यावर साथ देणारी मोटर २५० वॅटच्या आत असेल, ताशी २५ किमीला मोटरची साथ थांबत असेल आणि बॅटरी सोडून बाइकचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नसेल, तर ती मोटर वाहन धरली जात नाही. नोंदणी नको, लायसन्स नको, नंबरप्लेट नको. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर मात्र हवाच, आणि ब्रेक धड हवेत. ही रेघ ओलांडली की तुमची सायकल म्हणजे विनानोंदणीची, विनाविम्याची मोटरसायकल. म्हापसा-पणजी हमरस्त्यावर एखाद्या अपघातात हा फरक फार महागात पडतो. म्हणून ७५० किंवा १००० वॅटचं किट बसवण्याबद्दल या लेखात काहीही नाही.

हब मोटर की मिड-ड्राइव्ह

भारतात मिळणाऱ्या बहुतेक ई-माउंटन बाइकना मागच्या चाकात ३६ व्होल्टची, आत गिअर असलेली हब मोटर असते. तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण ३० ते ४५ न्यूटन-मीटर. मिड-ड्राइव्ह, म्हणजे पेडलच्या जागी बसणारी मोटर, ६० ते ८५ देते आणि मुख्य म्हणजे तुमच्या गिअरमधून जोर लावते. चढावर गिअर उतरवला की मोटरही सोप्या गिअरमध्ये येते. हब मोटरचं तसं नाही. ती चाकाच्याच वेगाने फिरते, आणि वेग ताशी ८-१० किमीच्या खाली गेला की बॅटरीतून घेतलेल्या विजेचा मोठा भाग नुसत्या उष्णतेत जातो.

चोर्ला घाटाचा हिशेब करून पाहा. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. पायथ्यापासून ७०० मीटर चढ धरला आणि तुमचं वजन ७५ किलो, बाइक २५ किलो, असे १०० किलो वर न्यायचे, तर नुसती उंची गाठायला १९० वॅट-अवर ऊर्जा लागते. चाकांचं घर्षण आणि वारा त्यात धरलेला नाही. निम्मा भार तुमच्या पायांनी उचलला तरी मोटरच्या वाट्याला ९५ उरतात. हब मोटर ताशी १० किमीने चढत असेल तर तेवढ्यासाठी ती बॅटरीतून १८०-१९० खाते, मिड-ड्राइव्हला १२०-१३० पुरतात. आता ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-अवर. हब मोटरवर निम्मी बॅटरी या एका चढात जाते.

म्हणून निवड सोपी आहे. ताळगाव, मिरामार, दिवाडी, चोडण, किनारपट्टीचे रस्ते आणि अधूनमधून सड्यावरची पायवाट एवढंच फिरायचं असेल तर हब मोटर पुरते. तिची दुरुस्तीही गावच्या सायकलवाल्याला जमण्यासारखी असते. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरात दर आठवड्याला जायचं असेल तर मिड-ड्राइव्हचा जादा खर्च वसूल होतो. पण बॉश किंवा शिमानोच्या प्रणालीत बॅटरी, डिस्प्ले, मोटर एकमेकांना ओळखतात आणि बाहेरची बॅटरी चालत नाही, हे लक्षात ठेवूनच घ्या. चेन आणि मागचे दातेही मिड-ड्राइव्हवर लवकर झिजतात.

दुकानात हे तपासा: मोटरची वायर मागच्या आसापासून वीतभर अंतरावर प्लगने सुटते का (नसेल तर प्रत्येक पंक्चर हा दिवसभराचा कार्यक्रम होतो), बॅटरी किल्लीने निघते का, ब्रेक दाबताच मोटर थांबते का, आणि फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) वरचा स्टिअरर, म्हणजे हँडलला जोडणारी नळी, सरळ आहे की खाली रुंद होणारी. शेवटची गोष्ट फोर्क बदलायच्या वेळी कामाला येते.

बॅटरी: गोव्यात थंडीची नाही, उन्हाची काळजी

३६ व्होल्टच्या बॅटरीत १० सेलच्या गटांची माळ असते. पूर्ण भरली की ४२ व्होल्ट. बाइक उभी असताना ३७ व्होल्ट म्हणजे साधारण निम्मी, ३५ म्हणजे पाचवा हिस्सा उरला, ३३ म्हणजे घराकडे वळा. ३० च्या आसपास बीएमएस (बॅटरीतलं राखणीचं सर्किट) वीज तोडतो. डिस्प्लेवरच्या पट्ट्यांपेक्षा हा आकडा खरा. चढावर पट्ट्या दोनने कमी होतात आणि सपाटीवर परत येतात, याला घाबरू नका. जोर पडला की व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं. मात्र जुन्या बॅटरीत हे बसणं वाढत जातं. पूर्वी ज्या चढावर ३८ दिसायचं तिथे ३५ दिसायला लागलं की सेल थकल्याचं समजा.

सपाट रस्त्यावर कमी साथीने दर किलोमीटरला ८ ते १० वॅट-अवर लागतात, चढ-उताराच्या गावरस्त्यावर १२ ते १५, कच्च्या चढावर २० च्या वर. ३६० वॅट-अवरच्या बॅटरीतून वापरायला ३२० धरा. म्हणजे किनाऱ्याने ३२ ते ४० किमी, रानातल्या चढावर १५ किमी. जाहिरातीतला आकडा सपाट रस्त्यावरचा, हलक्या माणसाचा आणि सर्वांत कमी साथीचा असतो.

रोजचं चार्जिंग ८०-९० टक्क्यांवर थांबवलं तर बॅटरी जास्त वर्षं टिकते. पण महिन्यातून एकदा पूर्ण भरा आणि चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही तासभर तसाच जोडून ठेवा. सेलचे गट एका पातळीला आणायचं काम बीएमएस अगदी शेवटी करतो, आणि ते कधीच झालं नाही तर एक गट मागे पडून सगळ्या बॅटरीला लवकर बंद करतो. २ अँपिअरच्या चार्जरने १० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ५ ते ६ तास लागतात.

उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत ठेवा, हाताला कोमट लागली की लावा. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत बॅटरी ठेवणं हा ती मारायचा खात्रीचा मार्ग. कौलारू घरात माळ्यावरही ठेवू नका, दुपारी कौलांखाली फार तापतं. लादीवर, भिंतीपासून थोडी दूर, आजूबाजूला कपडे-पुठ्ठे नाहीत अशा जागी चार्ज करा. जाग असताना करा. मे अखेरीला आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढा. जुन्या घरांत अर्थिंग असतंच असं नाही, ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

आणखी एक: विमानात ही बॅटरी नेता येत नाही. प्रवाशाला मुभा १०० वॅट-अवरपर्यंत, परवानगी घेतली तर १६० पर्यंत. दाबोळी असो वा मोपा, बाइक विमानाने आणायची असेल तर बॅटरीशिवाय.

मीठ, चिखल आणि आयपी-६५

आयपी-६५ हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा: धूळ आत जात नाही आणि पाण्याची साधी धार चालते. ओहोळात अर्धं चाक बुडवून पाच मिनिटं उभं राहणं त्यात येत नाही. रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीत चढताना धक्क्याच्या उतारावर साचलेलं खारं पाणी मागच्या हबवर उडतं. तिथे बाइक हातात धरून चालत न्या. एक तर उतार शेवाळाने निसरडा असतो, दुसरं म्हणजे ते पाणी आसाच्या भोकातून मोटरमध्ये शिरायची वाट शोधतं. खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या खारवट शेतांच्या) बांधावरून, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) बाजूने फिरून आलात तर चाकांना लागलेला चिखलही खाराच असतो. वाळल्यावर झटकून चालत नाही, गोड्या पाण्याने त्याच संध्याकाळी धुवा.

धुताना बादली आणि स्पंज. गॅरेजमधल्या प्रेशर पंपाची धार सील ओलांडून बेअरिंगमध्ये, पेडलच्या सेन्सरमध्ये आणि डिस्प्लेत जाते. बॅटरी काढा, तिच्या तळाच्या पिनांवर कोरडं फडकं गुंडाळा, वरून खाली धुवा, बाइक दोन-तीनदा आपटून पाणी झटका, आणि सावलीत वाळवा.

कनेक्टरचं काम दर दोन महिन्यांनी, पावसाळ्याआधी तर नक्कीच. मागच्या मोटरचा प्लग शोधा. गोल असतो, बाजूला बाण कोरलेला असतो. दोन्ही बाजू धरून सरळ ओढा, पिळू नका. आतल्या पिना सुईएवढ्या असतात आणि पिळल्या की वाकतात. उघडलेला प्लग उजेडात धरा. पिना पिवळ्या चकचकीत असतील तर उत्तम. मुळाशी हिरवट, शेवाळासारखी पूड दिसली तर ओल आत पोचली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या मऊ टूथब्रशने घासा, दहा मिनिटं वाळू द्या, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर प्लगच्या रबरी कडेला लावा, बाण समोरासमोर आणा आणि शेवटपर्यंत दाबा. चेनला लावतात तो गडद रंगाचा ग्रीस इथे नको. वायर प्लगकडे खालून वर चढेल अशी थोडी झोळ ठेवून बांधा. पाणी झोळीच्या तळाशी गळून पडतं, प्लगपर्यंत पोचत नाही.

बोल्टांचंही तेच. सीटपोस्ट, पेडलच्या आट्या, बाटलीच्या स्टँडचे स्क्रू वर्षातून एकदा काढून ग्रीस लावून परत बसवा. लोखंडी स्क्रू अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये खाऱ्या हवेने असा धरतो की शेवटी ड्रिल मारावं लागतं.

जांभ्याच्या खडबडीत सड्यावर बॅटरी आपल्या खाचेत खडखडते. ऐकायला क्षुल्लक, पण प्रत्येक खडखडीत पिना क्षणभर सुटतात, ठिणगी पडते आणि पिनेवर काळा खड्डा पडत जातो. मग धक्का बसला की मोटर क्षणभर बंद होते आणि लोक कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज आवरणारा डबा) बदलायला निघतात. जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून बॅटरी आणि खाचेच्या मध्ये ठेवा, वरून वेल्क्रोचा पट्टा आवळा. काळवंडलेल्या पिना बारीक ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने, बॅटरी बाहेर काढूनच, साफ करा.

पहिलं अपग्रेड: ब्रेक

चोर्ल्याहून खाली येताना चढाईत जमवलेल्या त्याच १९० वॅट-अवर ऊर्जेचा बराचसा भाग उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरतो. २५ किलोच्या बाइकवरचे साधे केबल डिस्क ब्रेक आणि १६० मिमीची डिस्क घाटात कमी पडतात. लिव्हर हँडलला टेकायला लागतो, पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात.

स्वस्तातला आणि आमच्या मते सर्वांत समजूतदार मार्ग असा: लिव्हर जुनेच ठेवा आणि केबलने ओढला जाणारा, आत तेल असलेला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बसवा. जुन्या लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच आहे, तो तसाच राहतो. पूर्ण हायड्रॉलिक सेट बसवायचा असेल तर तो स्विचसकट घ्या किंवा वेगळा चुंबकाचा सेन्सर लावा. जुन्या लिव्हरचा प्लग २ पिनांचा आहे की ३ पिनांचा, ते पाहूनच मागवा. स्विचशिवाय ब्रेक चालवू नका. पेडलचा सेन्सर पेडल थांबल्याचं ओळखायला अर्धा-एक सेकंद घेतो, आणि तेवढ्यात मोटर ब्रेकच्या विरुद्ध ढकलत राहते.

डिस्क पुढे १८० मिमीची करा. फोर्कला १८० ची परवानगी आहे का ते फोर्कच्या पायावर किंवा माहितीपत्रकात पाहा, सोबत २० मिमी उंचीचा अॅडॉप्टर लागतो. डिस्कचे ६ बोल्ट टी-२५ पान्याने, एकदा हा तर मग समोरचा, असे ताऱ्याच्या क्रमाने ४ न्यूटन-मीटरला आवळा. कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८. डिस्कवर रेझिन पॅडच वापरा असं लिहिलं असेल तर धातूचे पॅड घालू नका, डिस्क खाल्ली जाते. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी २५ वरून चालण्याच्या वेगापर्यंत १५-२० वेळा दाबून आणा, पूर्ण थांबू नका. हे न केल्यास ब्रेक किंचाळतात आणि धरत नाहीत.

पॅडचं मटेरियल १ मिमी उरलं की बदला. डिस्क नवी १.८ मिमी असते, १.५ झाली की काढा. केबल ब्रेकमध्ये आतल्या बाजूचा पॅड हलत नाही, तो ५ मिमीच्या अॅलन पान्याने दर काही आठवड्यांनी पुढे आणावा लागतो. फक्त केबल आवळत गेलं तर डिस्क एका बाजूला वाकते. आणि चेनला मारायचा स्प्रे डिस्कवर उडू देऊ नका. एकदा तेल प्यालेला पॅड घासून सुधारत नाही, तो फेकायचाच.

टायर, हवा आणि चाक न काढता पंक्चर

कंपनीचा २.१ इंची, बारीक नक्षीचा टायर डांबरी रस्त्यासाठी असतो. ओल्या जांभ्यावर तो साबणासारखा सरकतो. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा उरत असेल तर २.३५ किंवा २.४ चा, मऊ रबराचा टायर पुढे तरी घाला. हवा ७५ किलोच्या माणसाला ट्यूबसह पुढे २६-२८, मागे ३०-३२ पीएसआय. पेट्रोल पंपावर ४० भरून घेतली की चाक दगडावरून उडतं आणि हब मोटरचा सगळा मार स्पोकांवर येतो. ट्यूबलेस केलंत तर प्रत्येक टायरला ९० ते १२० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घाला आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा, आपल्या हवेत ते लवकर सुकतं.

मागच्या चाकाचं पंक्चर म्हटलं की लोक धास्तावतात, पण दहापैकी बऱ्याच वेळा चाक काढावंच लागत नाही. बाइक बंद करा, बॅटरी काढा, बाइक डाव्या बाजूला आडवी ठेवा. टायरभर ओलं फडकं फिरवून काटा शोधा. करवंदीचा काटा मोडून आत राहतो, वरून फक्त काळा ठिपका दिसतो. सापडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना वीतभर टायर रिमवरून उतरवा, फक्त वरच्या बाजूने. तेवढीच ट्यूब बाहेर ओढा, थोडी हवा भरा, ओठांजवळ धरा. कानापेक्षा ओठांना फुंकर आधी कळते. खूण करा, घासा, सोल्युशन लावा. पावसाळी हवेत सोल्युशन वाळायला ५ ते ७ मिनिटं लागतात, बोटाला चिकटत नाही तोवर पॅच ठेवू नका. मग टायरच्या आतून फडकं फिरवा. फडकं जिथे अडकेल तिथे काटा आहे. बोटाने चाचपू नका, रक्त निघतं. ट्यूब आत ढकला, टायर चढवा, भरा.

चाक काढावंच लागलं तर आधी वॉशरांच्या क्रमाचा फोटो घ्या. झिप-टाय कापा, प्लग सोडवा, १८ च्या पान्याने दोन्ही नट सैल करा. परत बसवताना जीभ असलेला वॉशर जिभेसकट फ्रेमच्या खाचेत बसायलाच हवा. मोटर आसाला उलट्या दिशेने पिळते, आणि तो पीळ हा वॉशर पेलतो. तो उलटा बसला तर एखाद्या चढावर आस खाचेत फिरतो आणि वायर तोडून टाकतो. नट ३० ते ४० न्यूटन-मीटर, वायर वळलेली नाही ना ते पाहून. स्पोक पहिल्या १०० किमीनंतर एकदा तपासून घ्या. बोटाने छेडल्यावर एकाच बाजूचे स्पोक साधारण सारखे वाजले पाहिजेत.

गिअर आणि चेन

हब मोटरवाल्याला चढाचं सर्वांत स्वस्त अपग्रेड मोटरमध्ये नाही, फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या दात्यांच्या संचात आहे. १४-२८ दातांचं सात गिअरचं फ्रीव्हील काढून १४-३४ बसवा. डिरेलर (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दात झेपवतो का ते आधी पाहा, आणि चेन नवी व किंचित लांब घ्या. जुन्या चेनवर नवे दाते उड्या मारतात. मोटरचा आस जाड असल्याने फ्रीव्हील खोलायचा नेहमीचा सॉकेट त्यावरून जात नाही. मोठ्या भोकाचा आणि पातळ कडेचा सॉकेट हवा, तो सायकलवाल्याकडे आहे का हे विचारूनच चाक घेऊन जा.

चेन मोजायला स्टीलची फूटपट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यापासून मोजून १२ पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) म्हणजे ३०४.८ मिमी. ३०६.३ झाली की चेन बदला, म्हणजे दाते वाचतात. लाल मातीवर जाड तेल घातलं की पॉलिशची पेस्ट तयार होते. उन्हाळ्यात मेणाचं किंवा पातळ ल्यूब, पावसात ओलं ल्यूब, आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढा. तेल कड्यांच्या आत हवं, बाहेर नको.

गिअर बदलताना पेडलचा जोर क्षणभर सोडा. मिड-ड्राइव्हवर हे न पाळणारे चेन तोडतात.

फोर्क

साधा स्प्रिंगचा फोर्क वाईट नाही, पण त्याच्या दांड्यांवर मीठ बसू देऊ नका. प्रत्येक फेरीनंतर पुसा. १०० मिमीच्या फोर्कला तुम्ही बसल्यावर २० ते २५ मिमी दबला पाहिजे. दांडीला झिप-टाय बांधून मोजा आणि वरची चकती फिरवून जुळवा. हवेचा फोर्क घ्यायचा तर स्टिअरर, आसाचा प्रकार आणि ब्रेकची बैठक जुळवा आणि जुन्यापेक्षा २० मिमीहून उंच घेऊ नका. हँडल सैल पडतं, फ्रेमच्या डोक्यावर ताण येतो.

मोठी बॅटरी हो, जास्त व्होल्ट नाही

३६ व्होल्टच्या जागी त्याच व्होल्टची १४ अँपिअर-अवर बॅटरी घेतली की ३६० चे ५०४ वॅट-अवर होतात. कायद्याला धक्का नाही, आणि प्रत्येक सेलवर ताण कमी आल्याने चढावर व्होल्टेज कमी बसतं. घेताना तीन गोष्टी: बीएमएस सतत किती अँपिअर देतो (कंट्रोलर १५ चा असेल तर बीएमएस २० चा हवा), खाचेच्या पिनांची मांडणी, आणि चार्जरचा प्लग. जोडण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण तपासा. एकदा उलटं लागलं की कंट्रोलर गेला. जुनी आणि नवी बॅटरी समांतर जोडून क्षमता वाढवू नका. व्होल्टेजमध्ये थोडा फरक असला तरी एकीतून दुसरीत बेलगाम करंट धावतो.

३६ च्या बाइकला ४८ व्होल्टची बॅटरी लावायची सूचना सर्रास ऐकू येते. ४८ ची पूर्ण भरली की ५४.६ व्होल्ट असते, आणि ३६ च्या कंट्रोलरमधले कपॅसिटर बऱ्याचदा ५० व्होल्टचे असतात. ते फुगतात, फुटतात. कंट्रोलर तगला तरी मोटरमधले नायलॉनचे गिअर झिजतात आणि बाइक कायद्याच्या रेषेपलीकडे जाते.

जुनी बॅटरी भंगारात देऊ नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, विक्रेत्याकडे मागणी करा.

बिघाड ओळखताना

मोटर मध्येच सुरू, मध्येच बंद: आधी बॅटरीच्या पिना, मग मोटरचा प्लग, मग ब्रेक स्विच. ब्रेक स्विचचा प्लग काढून पाहा. मोटर नीट चालली तर लिव्हरमध्ये ओल आहे. तपासणीपुरतंच, तसं रस्त्यावर जाऊ नका.

पेडल मारूनही साथ नाही, थ्रॉटल असल्यास त्याने चालते: पेडलजवळच्या चुंबकाच्या चकतीत आणि सेन्सरमध्ये चिखल बसला आहे किंवा अंतर वाढलं आहे. १ ते ३ मिमी ठेवा. बाफांग कंपनीच्या मोटरच्या डिस्प्लेवर बिघाडाचा आकडा २१ दिसला तर चाकाचा वेग-सेन्सर, ३० दिसला तर वायरींचा संपर्क तुटलेला, म्हणजे पुन्हा तेच प्लग. थ्रॉटलमध्ये पाणी गेलं तर मोटर आपोआप धावू शकते. भिजल्याची शंका आली की त्याचा प्लग काढून वाळवा.

मोटर घरघरायला लागली आणि जोर कमी झाला तर आतले नायलॉन गिअर गेले. गिअरचा संच मिळतो, सगळी मोटर बदलायची गरज नसते.

पावसाळ्यात ठेवताना, चतुर्थीनंतर काढताना

पावसाळ्यातही फिरणार असाल तर लक्षात ठेवा: म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती बाराही महिने. जून ते सप्टेंबर बाइक ठेवूनच द्यायची असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर आणून काढा, कोरड्या खोलीत ठेवा आणि महिन्याला व्होल्टेज पाहा. ३६ च्या खाली आली तर अर्ध्यावर आणा. टायर भरलेले ठेवा, बाइक भिंतीला टेकवा पण ओल्या भिंतीला नव्हे, आठवड्याला पेडल आणि ब्रेक दोन-चार वेळा हलवा. पुराच्या पाण्यात बॅटरी बुडली तर ती वरून कोरडी दिसली तरी चार्ज करू नका. घराबाहेर, काहीही पेट घेणार नाही अशा जागी ठेवा आणि विक्रेत्याला कळवा.

चतुर्थीनंतर पहिल्यांदा काढताना बॅटरी न लावता आधी हाताने चाकं फिरवा, ब्रेक दाबून पाहा, चेनचा गंज फडक्याने काढून तेल घाला, प्लग उघडून पिना पाहा. मग बॅटरी पूर्ण भरा, तासभर जोडलेली ठेवा, आणि पहिले १० किमी घराजवळच्या सपाट रस्त्यावर फिरा. पिशवीत पंप, पॅच, ५ चा अॅलन, टी-२५ आणि १८ चा पाना असू द्या.